गजकर्णाचा खटला

कायद्याच्या ग्रंथांत अपराधांचे लहान आणि मोठे असे भेद केलेले असतात, आणि न्यायासनापुढे उभे राहणाऱ्या प्रत्येक वकिलास ते मुखोद्गत असावे लागतात. रोगांच्या बाबतीत समाजानेही असाच एक अलिखित दंडसंग्रह रचून ठेवला आहे. क्षय, कर्करोग, हृदयविकार हे मोठे. पडसे, खोकला, नायटा हे लहान. मोठ्या रोगासाठी माणूस घर गहाण टाकतो. लहान रोगासाठी तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जातो आणि वीस पावलांत परत येतो. या अलिखित दंडसंग्रहातील एका कलमाविरुद्ध आज आम्हांस लेखणी उचलावयाची आहे. गजकर्ण हा क्षुल्लक रोग आहे, असे ते कलम म्हणते. ते कलम खोटे ठरले आहे. आणि ते खोटे ठरविण्याचे कार्य त्या रोगाने एकट्याने केलेले नसून त्यास आपण सर्वांनी भरघोस साहाय्य केले आहे, असा आमचा आरोप आहे.

रोग आपल्या परिचयाचाच आहे. बेळगावात मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांत त्यास गजकर्ण म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमचे बंधू दाद म्हणतात. वडोद्यास दादर म्हणतात. हैदराबादेत शेजारच्या तेलुगू घरात तामर हे नाव ऐकू येते. संस्कृतातील दद्रू तो हाच. जांघेत, कमरेला जेथे परकराची नाडी किंवा पट्टा बसतो तेथे, काखेत, स्तनांखाली, अशा घाम साचणाऱ्या ठिकाणी एक तांबूस वर्तुळ उठते. त्याची कड उंचावते, मध्य निवळत जातो, आणि पाण्यात टाकलेल्या खड्याच्या लाटेप्रमाणे ते बाहेर बाहेर सरकते. खाज अशी की रात्रीची झोप नाहीशी व्हावी. हे काम बुरशीचे. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, केसांत आणि नखांत जे केराटिन नावाचे द्रव्य असते, तेच या बुरशीचे अन्न होय. ती सहसा त्याखाली उतरत नाही, जीवही घेत नाही, आणि म्हणूनच तिला कोणी भीत नाही.

पूर्वी हा रोग तसा सालस होता. साधे बुरशीनाशक मलम दोन-चार आठवडे लावले, अंग कोरडे ठेवले, कपडे उन्हात वाळविले, की तो जात असे. आज त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन बसावे. तेथे हा रोग वर्षानुवर्षे अंगावर वागविणारी माणसे दिसतील. मांड्यांपासून पाठीपर्यंत, आणि पूर्वी ज्या चेहऱ्याकडे तो क्वचितच वळे त्या चेहऱ्यापर्यंत पसरलेली वर्तुळे दिसतील. बाप, आई, तान्हे मूल अशी अख्खी कुटुंबे दिसतील. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात या रोगाची जी साथ उसळली आहे तिचे स्वरूप जगाने पूर्वी पाहिलेले नव्हते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतातून व नेपाळातून तिकडे गेलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या या बुरशीस स्वतंत्र जातीचा दर्जा दिला, आणि तिचे नाव ठेवले ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातील ‘इंडो’ म्हणजे आपण. टर्बिनाफिन हे या रोगावरचे हुकमी औषध. पण ज्या एन्झाइमवर हे औषध घाव घालते त्याचेच रूप या बुरशीच्या अनेक वाणांनी जनुकीय बदलाने पालटून टाकले आहे. घाव पडतो, पण लागत नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधील दोन स्त्रियांच्या अंगावर हीच बुरशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील एक बांगलादेशातून परतलेली होती. दुसरीने तर परदेशप्रवासही केलेला नव्हता. गजकर्णाने, थोडक्यात सांगावयाचे तर, समुद्र ओलांडला आहे, आणि तो आमचे नाव कपाळावर लावून ओलांडला आहे.

त्वचेच्या बुरशीला या भूमीचे नाव मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८४२ मध्ये मदुरेच्या दवाखान्यातील एका इंग्रज डॉक्टराने पाय सुजवून, गाठी व भोके पाडून हाडापर्यंत पोखरणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले, आणि त्यास ‘मदुरा फूट’ हे नाव पडले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविणाऱ्या आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन राहिलेल्या हेन्री व्हँडाइक कार्टर याने त्याच्या मुळाशी बुरशी असल्याचे दाखविले, त्यास मायसेटोमा ही संज्ञा दिली, आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अनवाणी शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो, काट्याबरोबर माती व मातीतला जंतू आत जातो, आणि काही वर्षांनी तो पाय कापावा लागतो. त्या ग्रंथानंतर जवळजवळ दीड शतकाने, २०१६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. दीडशे वर्षे दुर्लक्ष झाल्यावर ‘दुर्लक्षित’ ही पदवी मिळाली! गजकर्णाच्या नशिबी तर तीही नाही. २०२२ मध्ये त्याच संघटनेने मानवास धोकादायक अशा एकोणीस बुरशींची अग्रक्रमयादी केली. मायसेटोमाच्या बुरशी तीत आहेत, गजकर्णाची नाही. जो रोग मारीत नाही, त्याची दखल घेण्याची पद्धत नाही.

आता मुख्य आरोपीकडे वळू. आमचा मुख्य आरोपी बुरशी नव्हे. तिने तिच्या स्वभावधर्माप्रमाणे वर्तन केले. आमचा मुख्य आरोपी आहे ती नळी, जी आज औषधांच्या कोणत्याही दुकानात “गजकर्णासाठी काही तरी द्या” एवढे म्हणताच हाती पडते, आणि जिच्यात बुरशीनाशकाबरोबर एखादे प्रतिजैविक आणि एक तीव्र स्टेरॉइड एकत्र घोटलेले असते.

स्टेरॉइडविषयी आमच्या मनात आकस नाही. कॉर्टिसोनच्या शोधासाठी १९५० मध्ये केंडल, राइकस्टाइन व हेंच यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते योग्यच होते. १९५२ मध्ये त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोन लावून गुण येतो असे दिसल्यावर इसबाने गांजलेल्या लाखो लोकांस नवा जन्म मिळाला. परंतु स्टेरॉइडचे कार्य कोणते? शरीर शत्रूशी लढताना जी लाली, सूज आणि खाज निर्माण होते, ती ते शमविते. इसबात शत्रू नसतोच, शरीर व्यर्थ लढत असते. म्हणून तेथे ते अमृत. गजकर्णात शत्रू प्रत्यक्ष उभा असतो; तेथे ते पहारेकऱ्यास गुंगी देते. खाज दोन दिवसांत थांबते, लाली फिकी पडते, आणि रोगी त्या दुकानदारास दुवा देतो. आत बुरशी मात्र निर्वेध वाढत असते. मलम थांबविताच ती दुप्पट आवेशाने वर येते. रोगी पुन्हा तीच नळी आणतो, कारण मागच्या खेपेस तिनेच ‘गुण’ दिला होता. अशा रीतीने रोगाचे रूप इतके बदलते की निष्णात डॉक्टरही क्षणभर चकतो. १९६८ मध्येच दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी या वेषांतरास ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण, असे नाव दिले. अर्धशतकाहून अधिक काळ वैद्यकाच्या पुस्तकांत ही गोष्ट छापलेली आहे. ती नळीवर छापलेली नाही, एवढेच.

आणि रोगी फक्त रोगच पदरी घेतो असे नव्हे. जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते, तीवर पांढरे-जांभळे चरे उमटतात, आणि ते जन्मभर जात नाहीत. चेहऱ्यावर लावल्यास तो लालबुंद होतो, मुरुमे उठतात, अनिष्ट लव वाढते, ऊन सोसवत नाही. आणि मलम सोडावे तर आग होते म्हणून सोडताही येत नाही. २०११ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्यास स्टेरॉइड लावीत होते, आणि पुष्कळांनी ते केवळ गोरे होण्यासाठी लावले होते. मुलीचे लग्न ठरावयाचे आहे म्हणून तिच्या गालावर विष चोळणाऱ्या आयांची ही पिढी आपलीच आहे, हे आम्ही विसरू नये.

मग कायदा काय करीत होता, असे वाचक विचारतील. हा प्रश्न आमच्या व्यवसायाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आम्हांस प्राप्त आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, आणि त्याखालील नियम १९४५ चे. नियम ६५ स्पष्ट सांगतो की, अनुसूची ‘एच’ मधील औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून किरकोळीने विकता येणार नाही, आणि चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम हीच मर्यादा घालते. इतके झाल्यावर मलमे सुटली कशी? ती सुटली एका टीपेतून. अनुसूची ‘एच’ च्या अखेरीस असलेल्या टीपेने, यादीतील द्रव्यांची बाहेरून लावावयाची मलमे वगळली होती. पोटात गेले तर औषध, कातडीवर राहिले तर प्रसाधन, अशी काहीशी ही समजूत! त्याच नियमांच्या अनुसूची ‘के’ मध्ये, हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात परवान्याशिवाय विकता येणाऱ्या घरगुती औषधांची यादी केली, तेव्हा अॅस्पिरिन, ग्राइप वॉटर यांच्या पंक्तीस त्वचेची मलमेही बसविली गेली. या तरतुदी करणाऱ्यांच्या मनात स्टेरॉइडच्या नळ्या नव्हत्या, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्वचा ही क्षुल्लक वस्तू आहे हा समज त्यांच्या मनात होता, आणि त्याच दारातून ही नळी आत शिरली.

ती टीप दुरुस्त करावयास २०१८ साल उजाडावे लागले. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीची अट घातली.

दुसरी लढाई मिश्रणांची. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने कायद्याच्या २६ अ या कलमाखाली ३४४ औषधमिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. १ डिसेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कारण सरकारने कायद्याने स्थापिलेल्या तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला घेतला नव्हता. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. असा सल्ला बंधनकारक नाही असे सांगितले, तरीही प्रकरण त्याच मंडळाकडे पुन्हा तपासणीस धाडले. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली, आणि त्यांत क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र केलेली कित्येक मलमे होती. पहिल्या बंदीपासून दुसरीपर्यंत अडीच वर्षे गेली. न्यायप्रक्रियेस वेळ लागतो आणि तो लागलाच पाहिजे, हे आम्ही व्यवसायाने शिकलो आहोत. पण बुरशीला तारखा पडत नाहीत.

शिवाय बंदी असते ती विशिष्ट मिश्रणावर. चार द्रव्यांतील एक बदलले की कायद्याच्या डोळ्यांना ते निराळे मिश्रण दिसते. कायद्याचा डोळा अक्षर वाचतो, व्यापाऱ्याचा डोळा अक्षरांमधली मोकळी जागा वाचतो. आणि चिठ्ठीची अट? ती पुस्तकात आहे. वाचकांनी आज सायंकाळी आपल्या गल्लीतील दुकानात जाऊन चिठ्ठीवाचून असे मलम मागून पाहावे. किती ठिकाणी नकार मिळाला हे मोजावयास एका हाताची बोटे पुरतील, असे आम्ही पैजेने सांगतो.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकणे न्याय्य ठरेल. ते तीन मुद्द्यांचे असते.

पहिला मुद्दा गरिबीचा. त्वचारोगतज्ज्ञ शहरात, त्याची फी भारी, सरकारी रुग्णालयात गर्दी. अशा स्थितीत दुकानदार हाच गरिबांचा डॉक्टर होय, त्याचे हात बांधणे म्हणजे गरिबाचे दार बंद करणे. हा युक्तिवाद करुणेचा वेष घेऊन येतो, म्हणून तो प्रथम तपासला पाहिजे. आमच्या कचेरीत एक मोलकरीण वेतनाच्या थकबाकीसाठी आली होती. चार घरची कामे होती. हातावर आणि मानेवर चट्टे दिसू लागताच तीन घरांनी तिला बंद केले, आणि एकाने महिन्याचा पगारही दिला नाही. तिच्या पिशवीत निरनिराळ्या तीन नळ्या होत्या, तिन्ही दुकानांतून चिठ्ठीवाचून घेतलेल्या. दीड वर्षात तिने त्या नळ्यांवर जो पैसा ओतला, त्यात योग्य औषधाचा संपूर्ण उपचार होऊन वर काही उरले असते. हे गरिबाचे दार नव्हे. हा गरिबाच्या खिशाला पाडलेला भोसका आहे. स्वस्त औषध लागू पडत नाही तेव्हा ते सर्वांत महाग असते. गरिबास डॉक्टर मिळत नाही ही तक्रार खरी असेल तर तिचे उत्तर डॉक्टर देणे हे आहे, विष देणे हे नव्हे.

दुसरा मुद्दा रोग्याच्या दोषाचा. लोक अस्वच्छ राहतात, औषध अर्धवट सोडतात, मग बरे कसे होणार? यात सत्यांश आहे. घट्ट, घाम न शोषणारे कपडे, एकमेकांचे पंचे वापरणे, खाज थांबताच औषध बंद करणे, या सवयी रोगास पोसतात. पण ज्याला दोन दिवसांत आराम पडण्याचे आश्वासन नळीनेच दिले, त्याने तिसऱ्या दिवशी ती बाजूस ठेवली तर दोष कोणाचा? आणि कोकण-गोव्यातील चार महिन्यांच्या पावसात, एका खोलीत सहा माणसे राहत असता, कपडे उन्हात वाळवावेत हा उपदेश करणाऱ्याने आधी ऊन आणून द्यावे.

तिसरा मुद्दा व्यापाराच्या स्वातंत्र्याचा. औषध कंपनीने परवाना घेतला आहे, राज्याच्या अधिकाऱ्याने तो दिला आहे, मग विक्रीत गैर काय? यावर आमचे उत्तर असे की, व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे ते जनहितार्थ घातलेल्या वाजवी निर्बंधांसह दिले आहे. गजकर्णाचा एक रोगी हा एकट्याचा रोगी नसतो. त्याच्या अंगावर वाढलेली, औषधाला न जुमानणारी बुरशी त्याच्या पत्नीच्या, मुलाच्या, शेजाऱ्याच्या अंगावर जाते. ज्या विक्रीने खरेदीदाराखेरीज तिऱ्हाइताचीही हानी होते, तिला खासगी व्यवहार म्हणता येत नाही.

रोगापेक्षा उपाय भयंकर, ही म्हण गजकर्णाच्या इतिहासात एकदा अक्षरशः खरी ठरली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास इस्रायलमध्ये नव्याने आलेल्या निर्वासितांच्या हजारो मुलांच्या डोक्यांतील गजकर्णावर क्ष-किरणांचा मारा करून केस गाळण्यात आले. त्या काळी जगभर तीच मान्य पद्धती होती. पुढे त्या मुलांत मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढल्याचे सिद्ध झाले, आणि १९९४ मध्ये त्या राज्याने खास कायदा करून नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले. तेथील डॉक्टरांपाशी निदान एवढा बचाव होता की, धोका तेव्हा पुरता कळला नव्हता. आम्हांपाशी तो बचावही नाही.

आमच्या या किनाऱ्याचेही या रोगाशी जुने नाते आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ या नावाची एक पिवळसर पूड गजकर्णावर रामबाण म्हणून मुंबईच्या औषधविक्रेत्यांकडे मिळे, आणि तिचे मूळ गुप्त ठेवलेले असे. १८७५ च्या सुमारास उलगडा झाला की, ती ब्राझीलमधील बाहिया प्रांतातील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पूड असून पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास आली होती. तिच्यातील क्रायसारोबिन या द्रव्याच्या धाग्याने पुढे १९१६ मध्ये डायथ्रानॉल हे सोरायसिसवरचे औषध हाती लागले. आपल्या परसातील टाकळा, ज्याची कोवळी पाने गोव्यात पहिल्या पावसात तायकिळ्याची भाजी म्हणून खाल्ली जातात, त्यास संस्कृतात चक्रमर्द, म्हणजे चकंदळे चिरडणारा, म्हणतात. हे सांगण्याचा हेतू जुन्याचा गौरव करावा हा नव्हे. गोवा पावडर कातडी भाजून काढी आणि कपडे डागाळी. हेतू इतकाच की, गुप्त पूड विकणाऱ्या त्या काळातील दुकानदारापासून गुप्त मिश्रण विकणाऱ्या आजच्या दुकानदारापर्यंत गिऱ्हाइकाच्या अज्ञानात बदल झालेला नाही. पूर्वी पुडीवर काहीच लिहिलेले नसे. आज नळीवर सर्व काही लिहिलेले असते, पण ते इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत.

आणि येथे आम्हांस आमच्याच वाचकांशी दोन शब्द रोखठोक बोलावयाचे आहेत. बेळगावात पाटीवरील भाषेसाठी आपण रस्त्यावर उतरतो. गोव्यात मराठी की कोंकणी यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतो. इंदूर, वडोदरे, हैदराबाद येथील आपली मंडळे भाषा टिकावी म्हणून उत्सव भरवितात. हे सर्व उचित आहे. परंतु आपल्या मुलाच्या अंगास चोळावयाच्या नळीवरील इशारा आपल्या आईला वाचता येईल अशा भाषेत असावा, ही मागणी आपल्यापैकी किती सभांत झाली? मराठी असो, कोंकणी असो, कानडी किंवा तेलुगू असो. भाषा ही केवळ कवितेसाठी नसते. जी भाषा आपल्या माणसाला विषाची सूचना देत नाही, तिचा अभिमान अर्धा आहे.

दुसरे, लज्जा. हा रोग अंगाच्या झाकलेल्या भागाचा. सून सासूला सांगत नाही, मुलगी बापाला सांगत नाही, आणि पुरुष तर दुकानदाराच्या कानाशी कुजबुजून काम उरकतो. या कुजबुजीवरच तो सारा व्यापार उभा आहे. त्वचेच्या रोगास पापाचा वास लावण्याची आपली परंपरा जुनी आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत नांदत होते; तो बरा होऊ लागून कित्येक दशके लोटली तरी! कातडीवरून संसार मोडण्याची तत्परता कायद्याने दाखविली, ती कातडी वाचविण्यासाठी दाखविली नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांसाठी नवा कायदा करावयास नको. अन्न व औषध प्रशासनाने नियम ६५ ची अंमलबजावणी प्रत्येक तालुक्यात करावी. चिठ्ठीवाचून स्टेरॉइडचे मलम विकणाऱ्याचा परवाना नियम ६६ खाली निलंबित करण्याचा अधिकार त्यास आहेच, तो वापरावा. बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड असलेले मिश्रण एकेक करून नव्हे, तर वर्ग म्हणून बंद करावे, म्हणजे एक घटक बदलून कायद्याला हुलकावणी देता येणार नाही. इशारा प्रादेशिक भाषांत, ठळक अक्षरांत छापावा. सरकारी रुग्णालयांत बुरशीनाशक औषधे पूर्ण मुदतीची, आणि रोग असलेल्या घरातील सर्वांना एकाच वेळी, मोफत मिळावीत. कारण एकास बरे करून घरातील दुसऱ्यास तसेच ठेवणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. आणि हट्टी रोगात बुरशी कोणत्या औषधास जुमानते हे तपासण्याची सोय निदान प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असावी.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर एक आज्ञा आपण स्वतःस देऊ शकतो, आणि तिला अधिसूचना लागत नाही. घराच्या कपाटात अर्धी दाबलेली, शेजारणीने दिलेली, मागच्या वर्षी ‘गुण आलेली’ जी नळी पडून आहे, ती आज बाहेर काढावी, चष्मा लावून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ती डॉक्टरला दाखविल्यावाचून कोणाच्या अंगास लावू नये, आणि कोणास उसनी देऊ नये. फार दिवस लावीत असल्यास ती एकाएकी सोडून न देता डॉक्टरास विचारून सोडावी.

क्षुल्लक अपराधाची शिक्षा क्षुल्लक असते, असा न्याय आहे. परंतु तोच अपराध घरोघर, वर्षानुवर्षे, उघड्या दुकानातून, पावतीसह घडत राहिला, तर त्यास क्षुल्लक म्हणणारा न्यायाधीशच अपराधात सामील झाला असे समजावे. गजकर्णाच्या खटल्यात बुरशी, व्यापारी, प्रशासन आणि रोगी यांची साक्ष झाली आहे. निकाल देणारे आसन मात्र वाचकांचे आहे, आणि ते फार दिवस रिकामे आहे.